लोरेटा लिन यांचा ‘व्हॅन लिअर रोझ’ : कौतुक भरपूर झाले, पण कुणाचे?

रानजाई (धागाकर्ती)

अमेरिकी कंट्री गायिका लोरेटा लिन यांचा ‘व्हॅन लिअर रोझ’ हा स्टुडिओ अल्बम २७ एप्रिल २००४ रोजी प्रसिद्ध झाला. त्याच्या तेराच दिवस आधी बाईंनी वयाची ७२ वर्षे पूर्ण केली होती. कंट्री संगीतात या वयाच्या गायिकेकडून फार तर जुन्या गाजलेल्या गाण्यांचा संच किंवा भक्तिगीतांचा एखादा अल्बम अपेक्षित असतो. बाईंनी मात्र १३ गाण्यांचा असा अल्बम दिला, ज्यातले प्रत्येक गाणे त्यांच्या स्वतःच्या लेखणीतून उतरले होते. चाळीसहून अधिक वर्षांच्या कारकिर्दीत हे पहिल्यांदाच घडत होते.

समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला. परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर त्याला १०० पैकी ९७ गुण आहेत. न्यूयॉर्कचे ‘व्हिलेज व्हॉइस’ हे साप्ताहिक दरवर्षी समीक्षकांचा कौल घेत असे, त्यात तो त्या वर्षी तिसरा आला. फेब्रुवारी २००५ मध्ये त्याला दोन ग्रॅमी पुरस्कार मिळाले, एक सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचा आणि दुसरा ‘पोर्टलंड, ओरेगन’ या द्वंद्वगीतासाठी. बिलबोर्ड या संगीतविषयक नियतकालिकाच्या कंट्री यादीत तो दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला आणि सर्व प्रकारच्या अल्बमांच्या यादीत २४व्या क्रमांकापर्यंत. या दुसऱ्या यादीत बाई तोवर इतक्या वर कधीच पोहोचल्या नव्हत्या. कंट्री रेडिओने मात्र त्याच्याकडे जवळजवळ पाठच फिरवली.

इतके सगळे चांगले झालेले असताना मला जे खटकते, त्यासाठी हा धागा काढला आहे. त्या काळातली जी परीक्षणे मी वाचली, त्यांपैकी बहुतेकांत पहिले नाव अल्बमचे निर्माते जॅक व्हाइट यांचे येते. विस्मृतीत गेलेल्या वृद्ध गायिकेला रॉक संगीतातल्या तरुण निर्मात्याने पुन्हा उजेडात आणले, असा त्या कौतुकाचा साधारण सूर असतो. जॅक व्हाइट यांचे काम मला मनापासून आवडते आणि त्यांच्या वाट्याचे श्रेय त्यांना मिळायलाच हवे. पण हा अल्बम जिवंत आहे तो त्यातल्या शब्दांमुळे आणि ते शब्द ज्या बोलीत येतात त्या बोलीमुळे, आणि या दोन्ही गोष्टी बाईंनी केंटकीच्या डोंगरांतून स्वतःबरोबर आणलेल्या आहेत.

दोघांची ओळख कशी झाली, ते आधी सांगते. जॅक व्हाइट आणि मेग व्हाइट यांच्या ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ या जोडीने २००१ चा आपला ‘व्हाइट ब्लड सेल्स’ हा अल्बम लोरेटा लिन यांना अर्पण केला होता, आणि घटस्फोटितेकडे पाहण्याच्या समाजाच्या नजरेवर बाईंनी लिहिलेले ‘रेटेड एक्स’ हे गाणेही आपल्या पद्धतीने गायले होते. बाईंच्या कानावर हे गेल्यावर त्यांनी दोघांना टेनेसीतल्या हरिकेन मिल्स येथील आपल्या घरी जेवायला बोलावले आणि स्वतः रांधून चिकन आणि डम्पलिंग वाढले. (कणीक लाटून तिचे तुकडे रश्श्यात शिजवतात, आपल्या चकोल्यांची आठवण यावी असाच तो प्रकार आहे.) त्या जेवणातून पुढे अल्बम निघाला. पूर्व नॅशव्हिलमधल्या एका जुन्या घरात आठ ट्रॅकच्या यंत्रावर ध्वनिमुद्रण झाले आणि बरीचशी गाणी पहिल्या एक-दोन टेकमध्येच ठेवली गेली. ड्रमवर पॅट्रिक कीलर, बासवर जॅक लॉरेन्स आणि पेडल स्टील गिटारवर डेव्ह फीनी होते. त्यांपैकी कीलर आणि लॉरेन्स यांना घेऊन व्हाइट यांनी पुढे ‘द रॅकन्टर्स’ हा बँड काढला.

आता शब्दांकडे येते. बाईंचे सर्वांत प्रसिद्ध गाणे ‘कोल मायनर्स डॉटर’ हे १९७० चे आहे. ते मुळात पुष्कळ लांब होते आणि निर्माते ओवेन ब्रॅडली यांनी त्यातली काही कडवी गाळायला लावली, असे बाईंनी नंतर अनेकदा सांगितले. ब्रॅडली फार मोठे निर्माते होते, आणि रेडिओवर तीन मिनिटांत बसेल तेच वाजेल हा त्या काळचा हिशेबही खरा होता. तरी एका खाणकामगाराच्या मुलीने आपल्या घराविषयी लिहिलेल्या गाण्यातून घरातल्याच काही गोष्टी वगळल्या गेल्या, ही वस्तुस्थिती उरतेच. ‘व्हॅन लिअर रोझ’ ऐकताना मला सतत असे वाटते की, ती गाळलेली कडवी ३० वर्षांनी दुसऱ्या वाटेने परत आली आहेत.

शीर्षकगीत घ्या. बाईंची आई क्लारा तरुणपणी इतकी देखणी होती की, केंटकीतल्या व्हॅन लिअर गावच्या कोळसा खाणीतले कामगार तिला तिथला गुलाब म्हणत, आणि वडील टेड वेब यांना मित्र चिडवत की, ती तुझ्याकडे ढुंकूनही पाहणार नाही; ही आठवण वडील मुलांना सांगत असत, तशीच ती गाण्यात येते. ‘लिटल रेड शूज’मध्ये तर बाई गातच नाहीत. तान्हेपणीच्या आपल्या दुखण्याची आणि आईने दुकानातून उचललेल्या इवल्याशा लाल बुटांची गोष्ट त्या नुसती सांगतात आणि मागे हळूहळू वाद्ये भरत जातात. त्या बोलण्यात व्याकरण मोडते, वाक्य अर्धवट सुटते, मध्येच एखादी गोष्ट आठवून त्या मागे वळतात. प्रमाण भाषेचा आग्रह धरणाऱ्या कुणीही हे पुन्हा मुद्रित करायला सांगितले असते. व्हाइट यांनी ते तसेच राहू दिले आणि माझ्या मते निर्माता म्हणून त्यांचे सर्वांत मोठे काम हेच आहे.

‘फॅमिली ट्री’ हे या अल्बममधले मला सर्वांत धीट वाटणारे गाणे आहे. नवऱ्याला नादी लावणाऱ्या बाईच्या दारात एक पत्नी उभी राहते. बरोबर लेकरे आहेत, घरातला म्हातारा कुत्रा आहे आणि थकलेली बिलेही आहेत. तिला भांडायचे नाही. आपल्या घराच्या मुळावर कोण उठले आहे, ते मुलांना दाखवायचे आहे. १९६८ च्या ‘फिस्ट सिटी’मध्ये याच प्रसंगात बाई समोरच्या बाईला झिंज्या उपटण्याची धमकी देत होत्या. तेव्हा हात उगारला गेला होता, इथे थकलेली बिले पुढे केली आहेत. असे शब्द कोणताही निर्माता कुणाच्या तोंडी घालू शकत नाही.

आणि ‘मिस बीइंग मिसेस’. बाईंचे पती ऑलिव्हर लिन, ज्यांना सगळे डू म्हणत, ते ऑगस्ट १९९६ मध्ये गेले. बाईंचे लग्न १९४८ मध्ये, पंधराव्या वर्षी झाले होते. डू यांचे दारूचे व्यसन, त्यांची बाहेरची प्रकरणे आणि घरातली भांडणे यांविषयी बाईंनी कधी काही लपवले नाही. तरीही या गाण्यात त्या म्हणतात की, कुणाची तरी ‘मिसेस’ असणे आता राहून गेले आहे. ‘मिस’ या शब्दातली अविवाहिता आणि त्याच शब्दातली उणीव, दोन्ही अर्थ एका ओळीत उभे राहतात. सोबतीला एकच गिटार आहे. लग्नाची अंगठी डाव्या हातातून काढून उजव्या हातात घातल्याचा उल्लेख येतो, तिथे आवाज किंचित खाली बसतो आणि पुढच्या शब्दापर्यंत जाताना बाई जरा थांबतात. ती जागा साधण्याची नाही, ती आपोआप आलेली आहे.

ज्यांनी हा अल्बम ऐकला आहे, त्यांनी आपले मत सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

मंद्रसप्तक

लेख आवडला, मात्र ध्वनीच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे. तुम्ही व्हाइट यांना झुकते माप दिले नाही असे म्हणता, पण त्यांच्या एका चुकीबद्दलही लिहिलेले नाही. ‘हॅव मर्सी’मध्ये गिटार आणि ड्रम इतके पुढे आणि इतके फाटलेल्या आवाजात येतात की, बाईंच्या आवाजाला त्यांच्याशी झुंजावे लागते. ‘पोर्टलंड, ओरेगन’च्या सुरुवातीचा दीर्घ वाद्यमेळ मला स्वतंत्रपणे ऐकायला आवडतो, पण तो व्हाइट यांच्या श्रोत्यांसाठी आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

याची तुलना १९९४ च्या ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’शी करून पाहावी. तिथेही उतारवयाला आलेले कंट्री गायक जॉनी कॅश होते आणि रॉक व हिप-हॉपमधून आलेले रिक रुबिन हे निर्माते होते. रुबिन यांनी भोवतीचे सगळे काढून टाकले. फक्त कॅश यांचा आवाज आणि त्यांची गिटार ठेवली. व्हाइट यांनी उलट भर घातली. ‘मिस बीइंग मिसेस’ इतके उतरले आहे, कारण तिथे व्हाइट यांनी रुबिन यांचा मार्ग धरला. संपूर्ण अल्बम तसा झाला असता, तर तुम्ही म्हणता ते शब्द अधिक ठळकपणे ऐकू आले असते.

डोंगरवाट

मी काही वर्षे केंटकीत लेक्सिंग्टनला राहत होतो. एका शनिवारी पूर्वेकडे जाऊन बुचर हॉलो ही बाईंच्या बालपणीची वस्ती पाहून आलो. तिकडचे लोक ‘हॉलो’चा उच्चार ‘हॉलर’ करतात, आणि बाईसुद्धा आयुष्यभर तसाच करत राहिल्या. पूर्व केंटकीतल्या २३ क्रमांकाच्या महामार्गाला ‘कंट्री म्युझिक हायवे’ असे नाव दिलेले आहे. तो सोडून व्हॅन लिअरकडे वळले की रस्ता अरुंद होत जातो आणि दोन्ही बाजूंचे डोंगर अगदी अंगावर येतात. बाईंचे लाकडी घर चढावर आहे, पुढे ओसरी आहे. आठ भावंडे आणि आईवडील एवढ्याशा जागेत कसे मावत असतील, असा विचार तिथे उभे राहिल्यावर आपोआप मनात येतो.

व्हॅन लिअर हे गाव कन्सॉलिडेशन कोल कंपनीने वसवले आणि कंपनीच्या एका संचालकाच्या, म्हणजे व्हॅन लिअर ब्लॅक यांच्या नावावरून त्याला नाव पडले. घरे कंपनीची आणि दुकानही कंपनीचे, अशी ती व्यवस्था होती. बुचर हॉलोच्या वाटेवर वेब कुटुंबाचे जे किराणा दुकान आहे, तेही एके काळी कंपनीचे पाच क्रमांकाचे दुकान होते. हे सगळे पाहून आल्यावर शीर्षकगीत मला निराळेच ऐकू येऊ लागले. जिथे गावाचे नावसुद्धा मालकाचे आहे, तिथल्या खाणकामगारांनी त्या नावापुढे गुलाब हा शब्द लावून ते आपल्यातल्या एका मुलीला देऊन टाकले. टेड वेब १९५९ मध्ये गेले आणि लेकीचे पहिले गाणे १९६० मध्ये आले, त्यामुळे तिचे एकही गाणे त्यांना रेडिओवर ऐकायला मिळाले नाही. त्यांनी सांगितलेली गोष्ट ४५ वर्षांनी अल्बमचे नाव होते, हे मला फार मोठे वाटते.

रानजाई (धागाकर्ती)

डोंगरवाट, गावाच्या नावाबद्दल तुम्ही जे लिहिले आहे, ते माझ्या लक्षातच आले नव्हते. मनापासून आभार.

मंद्रसप्तक, ‘हॅव मर्सी’बद्दल मी तुमच्याशी सहमत आहे, तिथे आवाज दबतो. पण सगळा अल्बम एका गिटारवर व्हायला हवा होता, हे मला पटत नाही. कॅश यांच्या आवाजात जन्मतःच खर्ज आणि गांभीर्य होते, म्हणून त्या आवाजाला एकांत शोभला. बाईंचा आवाज भरल्या घरातला आहे, माजघरातून ओसरीपर्यंत हाक पोहोचवणारा. त्याला समोर गलका असला की तो आणखी खुलतो. ‘पोर्टलंड, ओरेगन’मध्ये एवढ्या वाद्यांच्या गर्दीनंतर बाई पहिला शब्द उच्चारतात, तेव्हा सगळी खोली त्यांच्याकडे वळून पाहते. ७२ वर्षांच्या बाई तिथे स्लो जिन फिझचे पेले रिचवून झालेल्या एका रात्रीबद्दल गातात आणि त्यात कणभरही संकोच नाही. केवळ गिटारच्या साथीवर ते गाणे पश्चात्तापाचे झाले असते, आणि बाईंना तिथे पश्चात्ताप अभिप्रेत नाही.

जुनी कॅसेट

रेडिओच्या मुद्द्यावर थोडे लिहितो, कारण ‘रेडिओने वाजवले नाही’ एवढ्यावर ही चर्चा नेहमी थांबते.

१९९६ च्या दूरसंचार कायद्याने अमेरिकेत एका मालकाकडे देशभरात किती रेडिओ केंद्रे असावीत, यावरची मर्यादा काढून टाकली. त्यानंतर काही वर्षांत एकेका कंपनीच्या ताब्यात शेकडो केंद्रे गेली आणि गाण्यांची निवड मध्यवर्ती कार्यालयांतून होऊ लागली. पूर्वी बाईंसारखी गायिका गाडीत ध्वनिमुद्रिका भरून गावोगावच्या केंद्रांवर जाऊ शकत असे आणि निवेदकाला आवडले तर गाणे लागत असे. १९६० मध्ये आपल्या पहिल्या गाण्यासाठी बाई आणि डू यांनी नेमके हेच केले होते. २००४ पर्यंत ते दार बंद झाले होते. त्याआधीही कॅश यांच्या ‘अनचेन्ड’ला सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचा ग्रॅमी मिळाला, तेव्हा रुबिन यांच्या कंपनीने १९९८ मध्ये बिलबोर्डमध्ये पानभर जाहिरात दिली होती. कॅश यांच्या एका जुन्या संतप्त छायाचित्रासह नॅशव्हिलच्या संगीतसृष्टीचे आणि कंट्री रेडिओचे उपरोधाने आभार मानणारी ती जाहिरात होती. म्हणजे हा अनुभव बाईंच्या एकटीचा नव्हता.

तरीही बाईंच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. १९७५ मध्ये गर्भनिरोधक गोळीवरचे त्यांचे ‘द पिल’ हे गाणे अनेक केंद्रांनी वाजवायचे नाकारले, तेव्हा निदान ते ऐकून, रागावून, ठरवून नाकारले होते. त्यावर वादही झडला आणि गाणे सर्वतोमुखी झाले. २००४ मध्ये कुणी रागावलेसुद्धा नाही. माझ्या मते तो अधिक मोठा अपमान होता.

शब्दवेल्हाळ

एक दुरुस्ती सुचवतो. ‘प्रत्येक गाणे स्वतःच्या लेखणीतून’ हे ढोबळमानाने खरे आहे, पण ‘लिटल रेड शूज’चे श्रेय बाई आणि जॅक व्हाइट या दोघांना आहे आणि ‘ट्रबल ऑन द लाइन’ हे बाई आणि डू यांच्या नावावर आहे. तुमचा मूळ मुद्दा यामुळे डळमळत नाही. उलट पती जाऊन आठ वर्षे झाल्यावर त्यांच्या नावाचे गाणे त्याच अल्बममध्ये यावे, ज्यात त्यांच्या जाण्याचे दुःखही आहे, ही मला लक्षात घेण्यासारखी गोष्ट वाटते.

‘विमेन्स प्रिझन’चा उल्लेख कुणीच केला नाही, याचे आश्चर्य वाटले. विश्वासघातकी प्रियकराला ठार मारलेली स्त्री मृत्युदंडाकडे चालत जाते. बाहेर जमाव तिच्या मरणाची मागणी करतो आहे आणि त्या आरोळ्यांच्या वर तिला आईचे रडणे ऐकू येते. शेवटी बाई ‘अमेझिंग ग्रेस’ या ख्रिस्ती भक्तिगीताच्या ओळी गातात. ही केवळ आत्मकथनात्मक गाण्यांची लेखिका नव्हे, हे पटवून द्यायला हे एक गाणे पुरेसे आहे. बाईंना नेहमी ‘खाणकामगाराची मुलगी’ याच ओळखीत बसवले जाते, आणि रानजाई, थोडेसे तुम्हीही तेच केले आहे.

रानजाई (धागाकर्ती)

दुरुस्ती मान्य आहे आणि शेवटचा आक्षेपही. ‘विमेन्स प्रिझन’वर मी लिहायला हवे होते. बाईंच्या कथनातली ताकद ही की, त्या कथेतल्या प्रसंगालाही आपल्या घरातल्या प्रसंगाइतक्याच जवळून पाहतात. जमावाच्या गलक्यात आईचाच आवाज ओळखू येणे, हे निरीक्षण आणि ‘फॅमिली ट्री’तली थकलेली बिले एकाच डोळ्यांनी टिपलेली आहेत.

श्रेयाच्या प्रश्नाला धरून एक गोष्ट नोंदवते. २०१६ मध्ये, वयाच्या ८३व्या वर्षी, बाईंचा ‘फुल सर्कल’ आला. त्याची निर्मिती त्यांची मुलगी पॅट्सी आणि जॉनी कॅश यांचे पुत्र जॉन कार्टर कॅश यांनी केली होती आणि त्यात रॉकचा मागमूसही नव्हता. तो बिलबोर्डच्या मुख्य यादीत १९व्या क्रमांकापर्यंत, म्हणजे ‘व्हॅन लिअर रोझ’च्याही वर गेला. २०१७ मध्ये पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यावरही त्यांचे अल्बम येत राहिले. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी हरिकेन मिल्सच्या घरी त्यांचे निधन झाले. जॅक व्हाइट यांनी त्यांच्यासाठी दार उघडले हे खरेच आहे, पण उंबरठा ओलांडल्यावर १८ वर्षे बाई स्वतःच्या पायांवर चालत राहिल्या.

पहाटपाणी

मी कंट्री संगीत यापूर्वी कधीच लक्षपूर्वक ऐकले नव्हते. हा धागा वाचून आठवडाभर हाच अल्बम ऐकत आहे. रविवारी मावशीकडे गेले होते, तेव्हा तिला ‘मिस बीइंग मिसेस’ ऐकवले. माझे काका गेल्याला चार वर्षे झाली. मावशीला इंग्रजी फारसे समजत नाही, म्हणून गाणे थांबवून थांबवून ओळींचा अर्थ सांगत गेले. अंगठीची ओळ आली तेव्हा तिने विचारले, “उजव्या हातात घातली? काढून ठेवली नाही?” मी नाही म्हटल्यावर ती काही वेळ बोलली नाही. मग तिने मला गाणे पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितले आणि या वेळी मध्ये थांबवू नको म्हणाली.